दोन्ही घरांचा राहा

गंगाखेड
नोव्हेंबर 2025

चि. बाळास,



तुझं पत्र परवा पोचलं. धुऱ्याबांधाचं भांडण आता पोलीस ठाण्याच्या पायरीपर्यंत गेलं, काकाने कुऱ्हाड उगारली अशी तक्रार दादा, म्हणजे तुझा बाप, देणार आहे आणि साक्षीदार म्हणून त्याला तुझी सही हवी आहे, हे वाचून जीव कासावीस झाला. त्या दिवशी तू शेतात नव्हतास, परभणीला कृषी विद्यापीठात होतास. आता झोप लागत नाही, पुस्तक उघडलं की अक्षरं दिसत नाहीत असं लिहितोस. बाप म्हणतो सही कर, काकू म्हणते अंगाखांद्यावर खेळवलं तोच उलटला. मग मी कोणाचा, असं तू विचारलंयस.

लेकरा, सगळ्यात आधी हे पक्कं कर: जे डोळ्यांनी पाहिलं नाही, त्याखाली सही करायची नाही. बाप सांगत असला तरी नाही. बाकीचं सावकाश लिहिते.

तुला वाटतं दोघांपैकी एक कोणीतरी लबाड असलाच पाहिजे. मला तसं वाटत नाही. ते दोघेही माझे भाऊ आहेत म्हणून नव्हे, मला त्या जमिनीची गोष्ट ठाऊक आहे म्हणून. तुझ्या आजोबांनी वाटणी केली ती तोंडी. पंच बसले, पावलांनी रान मोजलं, कडुनिंबापासून ओढ्यापर्यंत एक रेघ धरली आणि टोकाला दगड रोवला. पुढे फेरफार झाला, सातबारे वेगळे झाले, पण पोटहिस्स्याची मोजणी कोणी करून घेतली नाही. कागदावर क्षेत्र आहे, नकाशावर रेघ नाही. रान कोरडवाहू होतं तोवर कोणाचं काही अडलंही नाही. जायकवाडीचं धरण 1976 साली झालं, पण डाव्या कालव्याचं पाणी आपल्या टोकाला यायला पुढे बरीच वर्षं गेली. ते आलं, ज्वारीच्या जागी ऊस उभा राहिला आणि वीतभर मातीलाही मोल आलं. त्यात दरसाल नांगराचं एखादं तास धुऱ्यात शिरायचं, कधी इकडून, कधी तिकडून. भाड्याच्या ट्रॅक्टरवाल्याला काय ठाऊक रेघ कुठली! यंदा सप्टेंबरच्या पावसात ओढा रानात घुसला, धुरा खरडून गेला, दगड गाळाखाली गेला. आता दादाला जो धुरा आठवतो तो एका जागी आहे, काकाला आठवतो तो दुसऱ्या जागी. दोघेही आपापल्या आठवणीशी प्रामाणिक आहेत, आणि म्हणूनच दोघेही हटत नाहीत.

हे तुला समजलं, की तुझ्या मनातली निम्मी तगमग कमी होईल. बापाचा राग आला म्हणून काकाला देव करू नकोस, आणि काकू टोचून बोलली म्हणून बापाचं सगळं खरं मानू नकोस. भावकीच्या भांडणात माणसाला सगळ्यात जास्त थकवतो तो स्वतःच्या मनात चाललेला खटला. रात्रभर आपणच वकील, आपणच आरोपी. तो खटला चालवणं तुझं काम नाही.

तू लिहिलंस, सरळ नोकरी बघून पुण्याला निघून जावं असं वाटतं. महाभारतात बलरामाने तेच केलं. भीम आणि दुर्योधन दोघेही त्याचे गदायुद्धातले शिष्य, दोघांवर त्याची माया. कोणाच्याच बाजूने लढायचं नाही म्हणून तो सरस्वतीकाठच्या तीर्थयात्रेला निघून गेला. परत आला तो थेट शेवटच्या गदायुद्धाच्या वेळी. भीमाने मांडीवर प्रहार केल्यावर हाच शांत यात्रेकरू नांगर उगारून भीमाच्या अंगावर धावला, कृष्णाने त्याला आवरलं. दूर गेल्याने माणूस तटस्थ होत नाही, हे मला त्या कथेत फार खरं वाटतं. राग नुसता लांबणीवर पडतो. त्याच घरात विदुर होता. तो धृतराष्ट्राला सोडून गेला नाही, आणि त्याला आवडेल ते बोललाही नाही. द्यूताच्या आधी बोलला, द्यूत चालू असताना बोलला, युद्ध टाळण्यासाठी बोलला. एकदा राजाने हाकललं, बोलावल्यावर परत आला, आणि पुन्हा तेच बोलला. हातात शस्त्र घेऊन कोणाच्या रांगेत मात्र उभा राहिला नाही. तुझ्याकडून मला ही तऱ्हा हवी आहे. ती अवघड आहे, कारण विदुराचं कोणी ऐकलं नाही. तुझंही लगेच ऐकतील असं नाही. तरी बोलणाऱ्याचं मन मोकळं राहतं आणि पाठ ताठ राहते.

मध्ये राहण्याचं दुसरं उदाहरण आपल्या जवळचंच आहे. घरापासून हाकेच्या अंतरावर पाथरी आहे. साईबाबांचा जन्म तिथला, अशी तिथल्या लोकांची श्रद्धा. जानेवारी 2020 मध्ये मुख्यमंत्र्यांनी पाथरीच्या विकासासाठी 100 कोटी रुपयांची घोषणा केली, तेव्हा जन्मस्थानाच्या उल्लेखावरून शिर्डी पेटून उठली आणि 19 जानेवारीला तिथे बंद पाळला गेला. तू तेव्हा शाळेत होतास. ज्या फकिराने आयुष्यभर आपलं गाव, जात, धर्म उघडपणे सांगितला नाही, त्याच्या गावावरून दोन गावं हमरीतुमरीवर आली. बाबा मशिदीत राहत, तिला द्वारकामाई म्हणत, तिथे धुनी पेटती ठेवत. त्यांच्या हयातीत 1897 साली सुरू झालेला उरूस आणि 1912 पासूनचा रामनवमीचा उत्सव शिर्डीत एकाच दिवशी होऊ लागले. आमचे की त्यांचे, या प्रश्नाला त्यांनी उत्तरच दिलं नाही, आणि त्यामुळे दोघांनाही तिथे बसता आलं.

पण बाबा गप्प बसणारे नव्हते. साईसच्चरितात रोहिल्याची गोष्ट आहे. तो रात्रंदिवस मोठमोठ्याने कलमा म्हणायचा. दिवसभर शेतात राबलेल्या गावकऱ्यांना झोप मिळेना, ते तक्रार घेऊन आले. बाबांनी त्यांना रोहिल्याला सांभाळून घ्यायला सांगितलं. एकटा असलेल्याची बाजू त्यांनी उघड घेतली. हे मुद्दाम लिहिते आहे. दोन बरोबरीची माणसं भांडत असतील तर मध्ये राहावं. एक दाबणारा आणि दुसरा दाबला जाणारा असेल, तर मध्ये राहणं म्हणजे दाबणाऱ्याला मोकळं सोडणं.

गेल्या डिसेंबरात तू परभणीतच होतास. 10 तारखेला रेल्वे स्थानकासमोर बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळच्या संविधानाच्या प्रतिकृतीची नासधूस झाली, दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागलं, धरपकड झाली आणि 15 तारखेला कायद्याचा एक विद्यार्थी न्यायालयीन कोठडीत असताना गेला.  जुलै 2025 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्या प्रकरणी गुन्हा नोंदवायला सांगितलं, सर्वोच्च न्यायालयानेही ते बदललं नाही. कोणा निष्पाप दुकानदाराच्या काचा फुटत असताना तू त्यात नव्हतास, आलेली अफवा पुढे पाठवली नाहीस, हे योग्यच केलंस. पण कोठडीतल्या मृत्यूबद्दल मला त्यातलं काही कळत नाही असं म्हणून तू हात झटकले असतेस, तर मी त्याला तटस्थपणा म्हटलं नसतं. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला न्याय मिळावा, एवढं तरी माणसाने म्हटलंच पाहिजे.

आपल्या घरचं भांडण त्या जातीचं नाही. इथे दोन थकलेले, हट्टी भाऊ आहेत. म्हणून इथे मध्येच राहायचं. उद्या काकाने खरोखर हात उगारला, किंवा दादा काकूला घालूनपाडून बोलला, तर जो चुकला त्याला तिथल्या तिथे अडव, मग तो बाप का असेना.

गावी गेलास की आधी दादाशी एकटं बोल. चार माणसांत बोलू नकोस, बापाला मुलाने चारचौघांत नाकारलेलं सहन होत नाही. जेवण झालं, हात धुतले, की ओसरीवर बस आणि सांग: बाबा, मी तुमचाच आहे, म्हातारपणी तुम्हाला सांभाळीन, पण मी जे पाहिलं नाही ते पाहिलं असं म्हणणार नाही. तो ओरडेल. ओरडू दे. उलट बोलू नकोस आणि उठूनही जाऊ नकोस. मग काकाकडे जाऊन हेच सांग, त्याच शब्दांत. बापाकडे एक आणि काकाकडे दुसरं बोललास, की संपलास. या घरातलं त्या घरात न्यायचं नाही, त्या घरातलं या घरात आणायचं नाही. काकू विचारेल, काय म्हणत होते तिकडे? म्हणायचं, काकू, तुम्हीच त्यांना विचारा. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर कोणी काही टाकलं तर त्याच दिवशी उत्तर देऊ नकोस. दोन्हीकडून बोलणी बसतील, कोणी बायल्या म्हणेल, कोणी दुतोंडी म्हणेल. दिवाळीत भाऊबीजेला मी दोन्ही घरी ओवाळलं, तेव्हा मलाही दोन्ही घरी ऐकावं लागलं. ऐकून घेतलं. ओवाळणी दोघांनीही घातली.

आता कामाचं. दादा तुझी सही मागतो आहे, तू त्या दोघांची सही माग, एका अर्जावर. पोटहिस्स्याच्या मोजणीला दोघांची संमती लागते, ती नसल्यामुळेच इतकी वर्षं हे घोंगडं भिजत पडलंय. अर्ज पाथरीच्या भूमी अभिलेख कार्यालयात द्यायचा. फी दोघांनी अर्धी अर्धी भरायची, एकाने भरली तर दुसऱ्याला मोजणी त्याची वाटते. नोटीस लगतच्या खातेदारांनाही जाते, त्या दिवशी सगळ्यांनी हजर राहायचं. मोजणीनंतर हद्दीच्या खुणा दाखवून ‘क’ प्रत मिळते, ती दोन्ही घरांत ठेवायची. एकाचा तुकडा दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याचा पहिल्याकडे असं निघालं, आणि ताबा 12 वर्षांहून जुना असला, तर जानेवारी 2023 मधल्या सलोखा योजनेत अदलाबदलीचा दस्त नाममात्र 1000 रुपये मुद्रांक शुल्क आणि 1000 रुपये नोंदणी फीत होतो. आपल्याला ती लागू पडते का, ते तलाठ्याकडे नीट विचारून घे.

दोघे एकत्र बसायला तयार नसतील, तर गावच्या तंटामुक्ती समितीला बोलाव. 15 ऑगस्ट 2007 ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, आणि धुऱ्याबांधाचे असे कितीतरी तंटे तिथे मिटलेले मी पाहिले आहेत. फक्त समितीतला आपल्या भावकीचा माणूस त्या दिवशी बाजूला बसेल असं बघ. तडजोड झाली तर ती लिहून, वाचून दाखवून, मगच सह्या.

मोजणी दादाच्या विरुद्ध गेली तर? गेली तर गेली. तेव्हा बापाजवळ बस. काकाकडे पेढे खायला त्या दिवशी जाऊ नकोस. उलटं झालं तर काकाजवळ बस. हरलेल्याच्या घरी त्या दिवशी आपलं एक माणूस असायला हवं.

अभ्यास सोडू नकोस. पहाटे उठून तासभर तरी वाच, भांडण त्या वेळी झोपलेलं असतं. जेवण वेळेवर घे.

मोजणीची तारीख ठरली की कळव, मी गंगाखेडहून आदल्या दिवशीच येते. रात्री उतरायला दादाकडे आणि सकाळचा चहा काकाकडे. तसं दोघांनाही आजच सांगून ठेव.

तुझी,
आत्या