वीतभर रणगाडा

प्रस्तावना

खेळण्यातला रणगाडा आणि छंदिष्टाने जोडलेली रणगाड्याची प्रतिकृती या दोन वस्तू दुरून सारख्याच दिसतात. परंतु खेळणे मन रमवण्यासाठी असते, तर प्रतिकृती मूळ वस्तूविषयी काही सांगत असते. ते सांगणे खरे असावे, ही ती घडवणाऱ्याची जबाबदारी होय. टी-७२ या रणगाड्याची प्लॅस्टिकची प्रतिकृती कशी जोडतात व रंगवतात, याची माहिती या पाठात दिली आहे.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्ही –
• प्रतिकृतीचे ‘प्रमाण’ म्हणजे काय ते सांगू शकाल;
• जोडणी व रंगकाम यांच्या पायऱ्या क्रमाने लिहू शकाल;
• ‘प्रत्येक डागाला कारण असावे’ या विधानाचे स्पष्टीकरण करू शकाल.

मूळ पाठ

टी-७२ हा रणगाडा १९७० च्या दशकात सोव्हिएत सैन्यात दाखल झाला. पुढे भारतातही, चेन्नईजवळील आवडी येथील कारखान्यात तो बांधला गेला. भारतीय सैन्यात त्याला ‘अजेय’ म्हणतात. तोफेची नळी वगळता त्याची लांबी सुमारे ७ मीटर, म्हणजे ७०० सेंटिमीटर आहे. १:३५ या प्रमाणात प्रत्येक माप पस्तिसाने भागले जाते. त्यामुळे प्रतिकृती २० सेंटिमीटर, म्हणजे साधारण वीतभर लांब होते.

पस्तीस हाच आकडा का? १९६० च्या दशकाच्या आरंभी जपानमधील शिझुओका येथील तामिया कंपनीने ‘पँथर’ या जर्मन रणगाड्याची मोटारीवर चालणारी प्रतिकृती तयार केली. तिच्या पोटात मोटार आणि सेल मावतील असा आकार निवडला, तेव्हा प्रमाण १:३५ च्या आसपास आले. सेलच्या मापाने ठरलेले हे प्रमाण पुढे जगभर रूढ झाले.

प्रतिकृतीच्या पेटीत सुटे भाग प्लॅस्टिकच्या चौकटींना जोडलेले असतात. ते ओढून तोडू नयेत. लहान कात्रीने कापावेत आणि कापल्याची खूण बारीक पॉलिश पेपरने घासून काढावी. चिकटवण्यापूर्वी भाग एकमेकांत बसवून पाहावेत. यासाठी वापरले जाणारे द्रावण दोन्ही कडा किंचित विरघळवून त्यांना एकजीव करते, म्हणून झालेली चूक सुधारणे अवघड जाते. हे द्रावण आणि रंग वापरताना खिडकी उघडी ठेवणे आवश्यक आहे.

जोडणीनंतर धूळ व तेलकटपणा धुऊन प्रायमरचा पातळ हात देतात. तो सुकल्यावर मूळ रंगाचे दोन-तीन पातळ थर चढवतात. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. लांबून पाहिलेली वस्तू फिकट भासते आणि लहान प्रतिकृती ही जणू लांबून पाहिलेलीच वस्तू असते. म्हणून अनेक कारागीर मूळ हिरव्या रंगात थोडा फिकट रंग मिसळतात. त्यानंतर अतिशय पातळ केलेला गडद रंग सांध्यांत सोडतात. तो खोलगट भागात साचतो आणि बारकावे उठून दिसतात.

आता सर्वांत कठीण भाग येतो. खरा रणगाडा धुळीत, चिखलात आणि उन्हात वावरतो. तो कोराकरकरीत दिसणे खोटे ठरेल. पण हाती येईल तेथे गंज फासणे हेही तितकेच खोटे आहे. प्रत्येक डागाला कारण असावे. टी-७२ च्या धुराड्याचे तोंड मागच्या बाजूस डावीकडे असते, म्हणून काजळी तेथेच धरते. पोलादी साखळपट्ट्यांच्या खाचांत गंज दिसतो, मात्र जमिनीला घासणारा पृष्ठभाग चकाकतो. टी-७२ च्या अनेक प्रकारांत चाकांवरील आडपडदे रबरी कापडाचे असतात. ते फाटतात, लोंबतात, पण गंजत नाहीत. मागे बांधलेला लाकडाचा ओंडका शोभेचा नसतो. चिखलात रुतलेला रणगाडा बाहेर काढण्यासाठी तो पट्ट्यांना बांधतात. वापरलेल्या ओंडक्यावर ओरखडे असणारच. ज्याला हे कार्य ठाऊक नाही, त्याला तो ओंडका नीट रंगवता येणार नाही.

जोडणी करताना यापेक्षा गंभीर गोष्टही हाताला लागते. फिरत्या बुरुजावर माणसांसाठी दोनच झाकणे असतात : एक तोफचीचे, दुसरे अधिकाऱ्याचे. तिसरा सैनिक, म्हणजे चालक, पुढच्या भागात बसतो. तोफ भरण्यासाठी चौथा माणूस नाही, कारण ते काम यंत्र करते. त्यामुळे रणगाडा बुटका झाला आणि शत्रूला सहज न दिसणारा ठरला. परंतु त्या यंत्राचे गोल तबक सैनिकांच्या पायाखाली असते आणि त्यात २२ तोफगोळे व त्यांची दारू ठेवलेली असते. १९९१ च्या आखाती युद्धात आणि २०२२ पासूनच्या युक्रेन युद्धात चिलखत भेदले गेल्यावर हा साठा पेटून अख्खा बुरूज उडाल्याचे दिसून आले. ज्या बुटकेपणाने रणगाड्याला संरक्षण दिले, त्याचीच किंमत आतल्या माणसांना मोजावी लागली.

महाराष्ट्रातील अहमदनगर येथे (२०२४ पासून अहिल्यानगर) १९९४ मध्ये सुरू झालेले रणगाड्यांचे संग्रहालय आहे. खऱ्या रणगाड्याशेजारी उभे राहिल्यावर ती झाकणे किती अरुंद असतात ते उमगते. मेजावर परतल्यावर छंदिष्ट कधी एखादे झाकण उघडे ठेवतो आणि त्यात पाच सेंटिमीटरचा सैनिक उभा करतो. मग पाहणाऱ्याची नजर तोफेवरून त्या चेहऱ्याकडे वळते. तेथे प्रतिकृती पूर्ण होते.

शब्दार्थ

प्रतिकृती – मूळ वस्तूबरहुकूम केलेली वस्तू
छंदिष्ट – छंद जोपासणारा
बुरूज – येथे, तोफ बसवलेला रणगाड्याचा फिरता भाग
तोफची – तोफ चालवणारा सैनिक

पाठान्त प्रश्न

१. १:३५ हे प्रमाण कसे रूढ झाले?
२. रबरी आडपडद्यावर गंज रंगवणे चुकीचे का ठरते?
३. रणगाड्याच्या बुटकेपणाचे लाभ व धोके स्पष्ट करा.
४. तुमच्या परिसरातील एखाद्या जुन्या वाहनाचे किंवा अवजाराचे निरीक्षण करा. त्यावरील तीन खुणा व त्यांची कारणे आठ-दहा ओळींत लिहा.