दुकान किती दूर? – अन्न उपलब्धतेचे मोजमाप

लोकांच्या आहाराचा अभ्यास करताना त्यांचे उत्पन्न, शिक्षण व सवयी यांची चौकशी पूर्वीपासून होत आली आहे. ते राहतात त्या वस्तीत कोणते अन्न विकत मिळते, हा प्रश्न मात्र आरोग्य संशोधनात तुलनेने उशिरा आला. १९९० नंतरच्या दशकात ब्रिटनमध्ये, ज्या गरीब वस्त्यांत ताजी फळे व भाज्या वाजवी दराने मिळत नव्हत्या, त्यांना ‘अन्नाचे वाळवंट’ म्हणण्यात येऊ लागले. स्थूलता, मधुमेह यांसारख्या विकारांचा वस्तीतील दुकानांशी संबंध आहे काय, हे पाहावयाचे तर ‘मिळणे’ म्हणजे काय, हे प्रथम ठरवावे लागते.

मोजणीच्या तीन रीती

पहिली रीत अंतराची. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या एका व्याख्येनुसार, ज्या अल्प उत्पन्नाच्या जनगणना-विभागातील किमान ५०० व्यक्ती अथवा ३३ टक्के लोक मोठ्या किराणा दुकानापासून शहरात १ मैलाहून व ग्रामीण भागात १० मैलांहून दूर राहतात, तो विभाग अपुऱ्या सोयीचा समजला जातो.

दुसरी रीत प्रमाणाची. एखाद्या परिसरात पोषक अन्न देणारी दुकाने ४ आणि झटपट खाद्यगृहांसह इतर दुकाने १६ असतील, तर एकूण २० पैकी ४, म्हणजे त्या परिसराचा निर्देशांक २० होय.

तिसरी रीत प्रत्यक्ष तपासणीची. प्रशिक्षित निरीक्षक ठरावीक यादी घेऊन दुकानात जातो व दूध, फळे, भाज्या आहेत काय, त्यांचा दर काय, दर्जा कसा, याची नोंद करतो. उपाहारगृहांतील खाद्यपदार्थांच्या यादीचीही अशीच तपासणी होते. ही रीत खर्चाची असली तरी पहिल्या दोन रीतींनी न दिसणाऱ्या गोष्टी तिने दिसतात.

अनुभव काय सांगतो?

केवळ अंतरावर विसंबून चालत नाही, असा अनुभव आहे. अमेरिकेतील सिॲटल परिसरात झालेल्या व २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, घराजवळच्या सर्वांत निकटच्या मोठ्या दुकानात खरेदी करणारे लोक सातांत एकच आढळले. फिलाडेल्फिया शहरातील एका वस्तीत नवे मोठे दुकान उघडल्यावर तिची तशाच दुसऱ्या वस्तीशी तुलना करण्यात आली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांप्रमाणे, अन्न सुलभतेने मिळते ही रहिवाशांची भावना वाढली. परंतु फळे व भाज्यांच्या सेवनात किंवा वजनात लक्षणीय फरक पडला नाही. दुकान जवळ आले, तरी दर, सवय, स्वयंपाकास मिळणारा वेळ व हाती असणारा पैसा हे प्रश्न राहतातच. याचा अर्थ दुकान नको असा नव्हे. एकाच मापावर विसंबून खर्चाची योजना आखली, तर अपेक्षित फळ मिळेलच असे नाही, एवढाच त्याचा बोध आहे.

मोजताना घ्यावयाची दक्षता

नकाशावरील सरळ रेषा म्हणजे रस्ता नव्हे. मध्ये नदी, लोहमार्ग अथवा घाट असल्यास चालण्याचे अंतर कितीतरी वाढते. म्हणून अंतराबरोबर वेळ व प्रवासखर्च नोंदवावा. वस्तीच्या हद्दीपलीकडील दुकानेही गणनेत घ्यावीत, कारण ग्राहक हद्द पाहून खरेदी करीत नाही. शासकीय यादीतील दुकान अद्याप चालू आहे काय, याची खात्री करावी. शिवाय, दुकाने जेथे गिऱ्हाईक असते तेथेच निघतात. त्यामुळे दुकान व आजार एकत्र आढळले म्हणून एक दुसऱ्याचे कारण ठरत नाही. शक्य तेथे बदलापूर्वी व बदलानंतर, अशी दोन वेळा पाहणी करावी.

परदेशातील मापे आपल्याकडे जशीच्या तशी लागू पडणार नाहीत. आपल्याकडे भाजी हातगाडीवर आणि आठवडी बाजारात मिळते. धान्य रास्त भाव दुकानातून येते. काही घरी परसातच भाजी पिकते. यांपैकी बरेच कोणत्याही दुकान-यादीत येत नाही. आठवडी बाजार जवळ असला तरी तो आठवड्यातून एकच दिवस भरतो. म्हणून ‘किती दूर’ याबरोबर ‘कोणत्या दिवशी’ व ‘किती भावाने’ हे दोन रकाने आपल्या तक्त्यात असावेत. गावचा शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांना ही माहिती बाहेरच्या निरीक्षकापेक्षा अधिक अचूक ठाऊक असते. ती पद्धतशीर नोंदली गेली, तर कोणत्या वाडीला काय कमी पडते हे अंदाजाने नव्हे, तर पुराव्याने सांगता येईल.