नजर कमी झाल्यावर आपला चहा आपण

या, ओट्यापाशी या. मधुमेहामुळे डोळ्याचा पडदा बिघडला असेल, काचबिंदूमुळे कडेचं दिसेनासं झालं असेल किंवा वयामुळे नेमकं मधलंच पुसट झालं असेल, तरी आज तुमच्या हातून दोन कप चहा होणार आहे. त्यात गुडघ्याचं ऑपरेशन किंवा मनगटाचं प्लॅस्टर असेल, तर वेळ जरा जास्त लागेल, एवढंच.

या कृतीत धीर आणि कृतज्ञताही आहेत. साखर-चहापावडरीसारखीच त्यांचीही जागा आणि वेळ ठरलेली आहे. नुसतं ‘धीर धरा’ म्हटल्यानं कुणाला धीर येत नाही, असं माझं ठाम मत आहे. पण हातातलं काम संपेपर्यंत दुसऱ्याला हात लावायचा नाही, हे कुणालाही जमतं. आज तेवढंच करायचं.

एक गोष्ट मात्र आधी. आज अचानक डोळ्यासमोर पडदा ओढल्यासारखं झालं असेल, विजा चमकल्यासारख्या वाटत असतील, काळे ठिपके एकदम वाढले असतील किंवा डोळा लाल होऊन ठणकत असेल, तर चहा राहू द्या आणि आजच्या आज डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. इथे धीर धरायचा नाही.

साहित्य: दांड्याचं मोठं पातेलं (दीड लिटरचं तरी हवं, म्हणजे उतू जायची भीती कमी), छोटी वाटी, खोल पळी, दांड्याची गाळणी, आतून गडद रंगाचे दोन कप, काठाचं ताट, ओलं फडकं, रबर बँड, थोडं एमसील. गडद कप एवढ्यासाठी की दुधाचा चहा पांढऱ्या कपात मिसळून जातो, निळ्या किंवा काळ्या कपात उठून दिसतो.

आदल्या दिवशी

१. जवळच्या एका माणसाला सोबतीला घ्या. मुलगा, सून, नात, शेजारीण, कुणीही चालेल; इथे आपण सोबतीण म्हणू. तिला सरळ सांगा, “माझ्या बाजूला उभी राहा. मी हाक मारली तरच बोल, मी मागितलं तरच दे.” सांभाळा: प्रेमाच्या माणसाचा हात आपोआप पुढे येतो. तिला हाताची घडी घालायला सांगा. खरं तर धीराची परीक्षा तुमच्याआधी तिची आहे. तुम्ही साखरेचा डबा चाचपडत असताना गप्प उभं राहणं फार कठीण जातं, म्हणून तिला रागवू नका.

२. शेगडी गार असताना बटणाच्या टोकावर एमसीलचा लहानसा उंचवटा करून घ्या. हे काम सोबतीणीला द्या. सांभाळा: गॅस बंद असताना हा उंचवटा वरच्या बाजूला, घड्याळातल्या बाराच्या जागी यायला हवा. बहुतेक शेगड्यांत बटण दाबून डावीकडे पाव फेरा फिरवला की मोठी आच होते आणि अर्धा फेरा झाला की मंद. तुमच्या शेगडीचं तसंच आहे ना, हे तिच्याकडून बघून घ्या.

३. एमसील वाळल्यावर, सिलिंडरचा रेग्युलेटर बंद ठेवून, बटण फिरवायचा सराव करा. बारा, नऊ, सहा. परत नऊ, बारा. अंगठ्याला वाट पाठ होऊ द्या. सांभाळा: मंद आचेवरून बंद करताना मध्ये मोठी आच लागते. ती लागली की दचकून थांबू नका, बारापर्यंत फिरवा.

४. डब्यांना रबर बँड लावा. साखरेला एक, चहापावडरीला दोन. सांभाळा: मीठ या फळीवरून आजच हलवा. हाताला साखर आणि मीठ फारसं वेगळं लागत नाही.

५. वाटी, पळी, गाळणी, लायटर आणि ताट यांच्या जागा ठरवा. आपण ओट्यासमोर उभे आहोत आणि समोर घड्याळ पसरलंय असं धरा. शेगडी बाराला, ताट तीनला, डबे नऊला. सांभाळा: ही जागा सगळ्या घराची आहे. ‘जरा इकडे सरकवलं’ असं कुणी करायचं नाही.

६. कपात थंड पाणी पळीनं भरून पळ्या मोजा. बोटाचं एक पेर कपाच्या काठावरून आत सोडा. पाणी बोटाला लागलं की थांबा. जो आकडा आला तो तुमचा आकडा. उद्या गरम चहात बोट घालायची वेळ येणार नाही. सांभाळा: पळी बदलली की आकडा बदलतो, म्हणून हीच पळी चहासाठी राखून ठेवा.

७. दिवा खांद्यामागून किंवा बाजूनं ओट्यावर पडेल असा लावा. सांभाळा: समोरच्या खिडकीतलं ऊन ग्रॅनाइटवर आणि स्टीलवर चमकलं की असलेली नजरही कामाला येत नाही. पडदा ओढून घ्या.

सकाळी

८. ओट्याच्या उंचीला पुरेल असं पक्क्या पायांचं स्टूल मागे ठेवा. सांभाळा: प्लॅस्टिकची खुर्ची नको, ती सरकते. ओट्याखालची फरशीही आधी कोरडी करून घ्या.

९. पदर, ओढणी किंवा सैल बाही घट्ट खोचा. सांभाळा: हे विसरून एकही पाऊल पुढे टाकायचं नाही.

१०. बोटांच्या पाठीनं ओटा चाचपा. हात ओट्याला टेकवून हळू पुढे न्या, म्हणजे उभी वस्तू पडत नाही, सरकते. मधलं दिसत नसेल तर नजर वस्तूच्या किंचित बाजूला ठेवून पाहा. कडेचं दिसत नसेल तर मान डावीकडून उजवीकडे फिरवा. सांभाळा: हात हवेतून झपकन नेला की कप गेलाच म्हणून समजा.

११. रिकामं पातेलं गार बर्नरवर ठेवा. दोन्ही हातांनी त्याच्या कडा चाचपून बरोबर मध्ये आणा. दांडा ओट्याच्या आत, भिंतीकडे किंवा बाजूला वळवा. सांभाळा: पेटलेल्या गॅसवर पातेलं ठेवणं आपल्या कृतीत नाही. कधीच नाही.

१२. दोन वाट्या पाणी पातेल्यात घाला. नळाखाली वाटी धरू नका, पाण्याच्या भांड्यात वाटी बुडवून काढा. जास्तीचं पाणी त्याच भांड्यात पडतं.

१३. एक वाटी दूध घाला. तेही तसंच, रुंद तोंडाच्या भांड्यातून बुडवून. सांभाळा: दूध आधी तापवलेलं आणि आता गार असू द्या. तापवायला शिट्टीचा दूध कूकर उत्तम. शिट्टी वाजली की कळतं, डोळे लावून बसावं लागत नाही.

१४. एक रबर बँडचा डबा उघडून दोन चमचे साखर घाला. मधुमेह असेल तर ही पायरी सोडा.

१५. दोन रबर बँडांचा डबा उघडून दोन चमचे चहापावडर घाला. सांभाळा: चमचा डब्याच्या काठावर सपाट करून घ्या. आधी वास घ्या, मग घाला.

१६. आता दोन्ही हात ओट्यावर ठेवून थांबा. ‘पाणी, दूध, साखर, पावडर’ असं मोठ्यानं म्हणा आणि प्रत्येक शब्दाला झालं की राहिलं ते आठवा. ही धीराची पहिली जागा. अजून काहीच पेटलेलं नाही, काहीच तापलेलं नाही. इथे पाच मिनिटं थांबलात तरी काही बिघडत नाही, आणि हे कळलं की छातीतली धडधड कमी होते.

१७. रेग्युलेटर सुरू करा. सांभाळा: गॅसचा वास आला तर लगेच बंद करा, खिडक्या उघडा, दिव्याच्या बटणांना हात लावू नका आणि घराबाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर फोन करा.

१८. लायटरचं टोक बाजूनं बर्नरला टेकवा.

१९. लायटर वाजवत बटण नऊवर आणा. ‘भप्’ असा आवाज आला की पेटलं. सांभाळा: तीन वेळा वाजवूनही पेटलं नाही तर बटण बारावर न्या, लायटर ठेवा आणि साचलेला गॅस उडून जाईपर्यंत थांबा. घाईनं चौथ्यांदा वाजवण्यातच भाजतं.

२०. बटण सहावर, म्हणजे मंद आचेवर आणा.

२१. ऐका. आता हात रिकामे आहेत आणि काम कानाचं आहे. आधी काहीच ऐकू येत नाही, मग बारीक सूं सुरू होते आणि ती वाढत जाते. उकळी जवळ आली की आवाज खाली बसतो, आणि मग खळखळ येते. दांडा बॅकेलाइटचा असेल तर त्याच्या टोकाला दोन बोटं लावा, थरथर जाणवेल. नाकालाही कळेल, कच्च्या पावडरीचा वास जाऊन चहाचा येतो. पाहून चहा करताना यातलं बरंच आपण ऐकतच नाही. सांभाळा: बघण्यासाठी तोंड पातेल्यावर नेऊ नका, वाफ आधी डोळ्यांवर येते. टीव्ही बंद ठेवा. वेळ लागतोय म्हणून आच वाढवू नका.

२२. खळखळीची फसफस झाली की बटण बारावर न्या. अंगठ्याला उंचवटा वर लागला पाहिजे. सोबतीणीला विचारा, “विझलं?” हे विचारण्यात कमीपणा नाही.

२३. पातेल्यावर झाकण ठेवून दोन मिनिटं थांबा. पावडर खाली बसते आणि चहा उसळायचा थांबतो. ही कृतज्ञतेची जागा. आज कशानं काम केलं ते एका वाक्यात मोठ्यानं सांगा. “अंगठ्यानं खूण शोधली.” “उकळी कानाला कळली.” “पाच पळ्यांचा आकडा लक्षात राहिला.” वाक्य लहान हवं, आजचं हवं आणि खरं हवं.

सांभाळा: इथे बरेच जण घसरतात, म्हणून दोन मिनिटं जास्त घेते. आजाराचे आभार मानू नका. नजर गेली हे दुःखच आहे. ते दुःख आहे असं म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि रडू आलं तर येऊ द्या, गॅस बंद आहे. ‘त्या अमक्यापेक्षा माझं बरं’ हेही नको. त्यानं तुम्हाला काही मिळत नाही आणि त्या अमक्याचा अपमान होतो. एखाद्या दिवशी चिडचिडीनं काहीच सुचलं नाही, तर “गॅस नीट बंद केला” एवढं म्हणा. तेही तुम्हीच केलंय.

२४. एक कप ताटात ठेवा. ताटाखाली ओलं फडकं घाला, म्हणजे ते सरकत नाही. एक हात प्लॅस्टरमध्ये असेल तर फडकं हवंच.

२५. गाळणी कपावर टेकवा. सांभाळा: ती डुगडुगत असेल तर सोबतीणीला दांडा धरायला सांगा.

२६. पळीनं चहा घाला, कालचा आकडा मोजत. पातेलं उचलून ओतायचं नाही. पळी पातेल्याच्या काठाला टेकवून निथळा, मग गाळणीवर न्या. सांभाळा: आकडा विसरलात तर अंदाज करू नका. “किती झाल्या?” असं विचारा.

२७. दुसरा कपही तसाच भरा.

२८. रेग्युलेटर बंद करा.

२९. पहिला कप सोबतीणीला द्या. देताना तिनं नेमकं काय केलं ते सांगा. “मी डबा शोधत होते तेव्हा तू गप्प राहिलीस, म्हणून मला तो सापडला.” नुसतं ‘थँक यू’ म्हटलंत तर उद्या ती पुन्हा हात पुढे करेल, हे सांगितलंत तर उद्याही घडी घालून उभी राहील. सांभाळा: ‘माझ्यामुळे तुला केवढा त्रास’ हे वाक्य गिळून टाका. ते ऐकून तिला तुमचीच समजूत घालत बसावं लागतं.

३०. स्टुलावर बसून आपला चहा प्या.

३१. वाटी धुऊन, डबे आणि लायटर पुसून आपापल्या जागी ठेवा. उद्याचा चहा इथूनच सुरू होतो.

सांडलंच तर

गॅस बंद. पुढचं सगळं त्यानंतर. अंगावर पडलं असेल तर तो भाग नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं धरा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद-तेल नको. भाजलेली जागा मोठी असेल किंवा फोड आले असतील तर दवाखान्यात जा. ओट्यावर सांडलं असेल तर ओलं फडकं बाहेरच्या कडेनं धरून गोल गोल आत आणत पुसा. कप फुटला असेल तर जागचं हलू नका, खाली हात घालू नका, सोबतीणीला हाक मारा. पुसून झालं की त्या दिवशी पुन्हा अकराव्या पायरीपासून सुरुवात करा. दमला असाल तर उद्या करा, पण चहा सोडून देऊ नका.

आठवडाभर हीच कृती अशीच करा. मग एका वेळी एकच गोष्ट बदला. सोबतीणीला स्वयंपाकघराच्या दारात उभं करा. पुढच्या आठवड्यात तिला बाहेरच्या खोलीत बसवा. आलं किसायचं असेल तर ते त्यानंतर. फोनवर टॉकबॅक ही बोलून सांगणारी सोय सुरू करून घेतलीत तर घड्याळ आणि गजर बोलून कळतील, आणि दूधवाल्याला पैसे देताना नोट ओळखायला रिझर्व्ह बँकेचं ‘मनी’ ॲप आहे. भाजी चिरणं, पोळी भाजणं, काठी घेऊन जिना उतरणं हे शिकायचं असेल तर नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडकडे, म्हणजे ‘नॅब’कडे, चौकशी करा. मुंबईत वरळीला आणि नाशकात सातपूरला त्यांची कार्यालयं आहेत. जाताना सोबतीणीलाही न्या. घडी घालून कुठे उभं राहायचं आणि हात कधी पुढे करायचा, हे तिलाही शिकायला मिळेल.