काळी भूमी, उजळ मूर्ती

विद्यार्थिमित्रहो, नौबादहून बिदर शहरात जाताना बिदरी कारागिराच्या दुकानापाशी आपण केव्हा ना केव्हा थांबलेलो असतो. जस्त व तांबे यांच्या ओतीव भांड्यावर तो नक्षी कोरतो, तीत चांदी ठोकून बसवितो आणि शेवटी किल्ल्यातील माती व नवसागर यांचे मिश्रण त्यावर चोळतो. भांडे काळेभोर होते; चांदी मात्र पांढरी राहते. चांदी पूर्वीचीच, परंतु भूमी काळी झाली म्हणून ती डोळ्यांत भरते. स्पेनमधील थोर चित्रकार फ्रान्सिस्को झुर्बारान याच्या चित्रांचे एक मर्म हेच आहे.

झुर्बारानचा जन्म १५९८ साली फुएन्ते दे कान्तोस या गावी झाला. सेव्हिल नगरीत त्या काळी मठ पुष्कळ होते आणि त्यांना धार्मिक चित्रे हवी असत. १६२६ साली त्याने डॉमिनिकन पंथाच्या मठाशी करार केला, तो आठ महिन्यांत २१ चित्रे देण्याचा! त्याच मठासाठी १६२७ साली त्याने क्रुसावरील ख्रिस्त रंगविला. मागे निव्वळ काळोख आणि त्यातून पुढे आलेले उजळ शरीर. जाळीआडून पाहणारास ती कोरीव मूर्तीच वाटे, असे जुने लेखक सांगतात. आज हे चित्र अमेरिकेत शिकागो येथे आहे.

हे साधले तैलरंगांमुळे. आपल्या भागात पिकणाऱ्या जवसाचे तेल या रंगांत घालीत. तेलातला रंग सावकाश वाळतो. त्यामुळे उजेडाची कड अंधारात हळूहळू विरवीत नेता येते.

आता आमच्या एका चुकीविषयी. एकदा आम्ही वर्गास संतांचे चित्र काढावयास सांगितले. बहुतेकांनी दिनदर्शिकेवरील चित्रांची नक्कल केली. एका मुलीने मात्र जात्यावर बसलेली जनाबाई काढली, ती आपल्या आजीच्या इरकली लुगड्यात. आम्ही खाली शेरा लिहिला, 'वेश चुकला.' मुलगी काही बोलली नाही. तिने वही मिटली.

पुढे झुर्बारानच्या संत मार्गारेटच्या चित्राची प्रतिकृती आमच्या पाहण्यात आली. मूळ चित्र लंडनच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहात आहे. ही संत प्राचीन अंत्युखियाची, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील. परंतु चित्रात ती स्पेनमधील धनगरकन्या होऊन उभी आहे. डोक्यावर गवती टोपी, हातात काठी आणि दंडावर लोकरीची पट्ट्यापट्ट्यांची विणलेली झोळी! पायांमागे राक्षसी सर्प आहे; पण आपले लक्ष खिळते ते त्या झोळीच्या विणीवर. चित्रकाराने संताला आपल्या मुलखाची वस्त्रे दिली, म्हणून ती पाहणारास आपली वाटली.

आमच्या कोंकणी मुलखातही असा एक चित्रकार होऊन गेला. आंजेलो द फोन्सेका १९०२ साली गोव्यातील सांत इस्तेव येथे जन्मले. शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकूर व नंदलाल बोस यांच्यापाशी ते शिकले. तैलरंगांऐवजी त्यांनी मुख्यतः जलरंग वापरले आणि मरियेला साडी नेसविली. पोर्तुगीज अमदानीतील गोव्यात ते अनेकांना रुचले नाही. टीका झाली, तेव्हा पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून त्यांनी आपले काम चालू ठेविले. १९६७ साली ते वारले. आज त्यांची बरीच चित्रे गोव्यात पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात जतन केलेली आहेत.

सेव्हिलमध्ये धनगरकन्येच्या वेशातील संत शोभली; मग गोव्याच्या मरियेची साडी का खुपावी? आणि आमच्या वर्गातील जनाबाईचे लुगडे आम्हांस तरी का खुपले? परक्या वेशातच पावित्र्य असते, हा समज आमच्याही मनात घर करून होता.

ती वही आम्ही परत मागून घेतली, शेरा खोडला आणि चित्र वर्गात लावले. मित्रहो, चित्र काढताना अंधार आणि उजेड झुर्बारानकडून शिका. पण लुगडे आपल्या आजीचेच असू द्या.