अस्पष्ट छायाचित्रे : निदान, उपचार आणि जतन

या स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थ्यांकडे छायाचित्रे मागितली, तेव्हा जुन्या सीडी आणि मेमरी कार्डे यांतून मोठा साठा हाती आला. धम्मचक्र प्रवर्तन दिनाची मिरवणूक, १४ एप्रिलचे लेझीम पथक, पहाटेची बुद्धवंदना, दहावीचा निरोप समारंभ. बहुतेक सारे खिशात मावणाऱ्या छोट्या डिजिटल कॅमेऱ्याने टिपलेले आणि त्यांतील पुष्कळसे अस्पष्ट. ‘सर, हे साफ करता येईल का?’ हा प्रश्न इतक्या जणांनी विचारला, की त्याचे उत्तर एकदाच सविस्तर लिहिणे बरे वाटले.

हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. आपल्यापैकी अनेकांच्या घरी पणजी-पणजोबांचे एकही छायाचित्र नाही. छायाचित्र काढायचे म्हणजे तालुक्याच्या गावी स्टुडिओत जायचे आणि त्यासाठी मजुरी बुडवायची. कागदोपत्री आपल्या पूर्वजांचा उल्लेख आला, तोही बहुधा दुसऱ्याच्या लेखणीतून. छोटा डिजिटल कॅमेरा घरात आला, तेव्हा आपल्या समारंभांची नोंद आपल्याच हाताने होऊ लागली. इतिहासाच्या भाषेत ही प्राथमिक साधने आहेत आणि साधन अस्पष्ट असेल, तर प्रथम त्या अस्पष्टतेचे कारण शोधावे लागते. दुःख आहे तर दुःखाला कारण आहे, हा क्रम इथेही चुकत नाही.

छायाचित्र संगणकाच्या पडद्यावर पूर्ण आकारात मोठे करून पाहावे. दिव्यांचे ठिपके एकाच दिशेने ओढल्यासारखे दिसत असतील आणि भिंत, माणसे, फलक सारेच त्याच दिशेने सरकलेले असेल, तर हात हलला आहे. मागची भिंत स्वच्छ आहे, पण नाचणाऱ्या मुलाचा हात पुसल्यासारखा आहे, तर हललेला तो मुलगा आहे. भिंतीवरील अक्षरे वाचता येतात आणि समोरचे चेहरे मात्र मऊ पडले आहेत, तर कॅमेऱ्याने चुकीच्या अंतरावर नेम धरला आहे. सगळ्यावर दुधी पडदा आणि दिव्यांभोवती वलये दिसली, तर भिंगावर बोटाचा ठसा आहे असे समजावे. चेहरे ओल्या रंगाने सारवल्यासारखे दिसत असतील, तर प्रकाश अपुरा होता. अशा वेळी कॅमेरा आपली संवेदनशीलता, म्हणजे आयएसओ, वाढवतो. त्यामुळे उठणारे कण पुसताना तो चेहऱ्याचे बारकावेही पुसून टाकतो.

वस्तू हलल्याने काय होते, याचे उत्तम उदाहरण छायाचित्रणाच्या आरंभीच सापडते. १८३८ मध्ये लुई दागेर याने पॅरिसमधील एका रहदारीच्या रस्त्याचे चित्र आपल्या खिडकीतून टिपले. त्या काळी पट्टीवर प्रतिमा उमटायला काही मिनिटे लागत. त्यामुळे धावत्या घोडागाड्या आणि चालणारे लोक चित्रातून नाहीसे झाले. रस्त्याच्या कडेला स्थिर उभा राहून बूट पुसून घेणारा एक माणूस आणि त्याच्या पायाशी बसलेला बूट पुसणारा, हे दोघे मात्र उमटले. वर्गात हे चित्र दाखवले, की मी मुलांना विचारतो : गाडीतले साहेब पुसले गेले आणि कष्टकरी राहिला, हे कशामुळे? कॅमेऱ्याला प्रतिष्ठा कळत नाही, फक्त प्रकाश आणि वेळ कळते.

तो वेळ आज सेकंदाच्या अंशात मोजतात. हातात धरलेल्या छोट्या कॅमेऱ्याला झूम न करता १/६० सेकंद आणि पूर्ण झूम केल्यास १/१२५ किंवा त्याहून जलद वेग हवा. लेझीम खेळणाऱ्या मुलांसाठी १/२५० तरी लागतोच. वंदनेच्या वेळी मेणबत्त्यांच्या उजेडात मात्र कॅमेरा आपण होऊन १/८ सेकंदापर्यंत उतरतो आणि पडद्यावर थरथरत्या हाताचे चिन्ह दाखवतो. ते चिन्ह दिसताच थांबावे. कॅमेरा टेबलावर, पुस्तकांच्या चळतीवर किंवा खिडकीच्या कठड्यावर ठेवावा आणि २ सेकंदांचा टायमर लावावा, म्हणजे बटण दाबण्याचा धक्काही बसत नाही. टेकायला काहीच नसेल, तर कोपरे बरगड्यांशी घट्ट धरून सलग तीन छायाचित्रे घ्यावीत. पहिल्यात बोट दाबल्याचा आणि शेवटच्यात ते उचलल्याचा धक्का असतो, मधले बहुधा चांगले निघते. कॅमेऱ्यातील स्थिरीकरणाची सोय आपला हात सावरते, धावणारे मूल सावरत नाही.

नेम धरण्यासाठी बटण आधी अर्धेच दाबावे, हिरवी चौकट चेहऱ्यावर आली की मग पूर्ण दाबावे. फुलाचे चिन्ह असलेली जवळच्या चित्रणाची सोय चालू राहिली असेल, तर ती बंद करावी. डिजिटल झूम वापरूच नये. दोन पावले पुढे जाणे हे त्याहून चांगले झूम आहे. सभागृहाच्या शेवटच्या रांगेतून मारलेला फ्लॅशही वाया जातो. छोट्या कॅमेऱ्याचा फ्लॅश साधारण ३ मीटरपर्यंत पोचतो. मंचावरचे वक्ते काळोखात राहतात आणि पुढच्या रांगेतील डोकी तेवढी उजळतात. पावसाळ्यात थंड खोलीतून बाहेर आल्यावर भिंगावर धुके धरते, ते आपोआप विरू द्यावे. भिंग मऊ सुती कापडाने पुसावे. धोतराच्या सोग्याने वा साडीच्या पदराने नव्हे.

आता काढून झालेल्या छायाचित्रांविषयी. जी माहिती कॅमेऱ्यात शिरलीच नाही, ती नंतर निर्माण करता येत नाही. सुधारणा होते, ती उमटलेल्या माहितीचीच. जिंप या विनामूल्य प्रोग्राममध्ये ‘अनशार्प मास्क’ नावाची सोय आहे. नाव विचित्र वाटते. पूर्वी अंधाऱ्या खोलीत निगेटिव्हवर तिचीच मुद्दाम अस्पष्ट केलेली प्रत ठेवून कडा ठळक करीत, त्यावरून ते पडले. त्रिज्या १ ते २ पिक्सेल आणि मात्रा ०.५ च्या आसपास ठेवावी. चेहऱ्याच्या कडेला पांढरी किनार उमटली, तर मात्रा जास्त झाली. सर्वांत परिणामकारक उपाय त्याहून साधा आहे : छायाचित्र लहान छापावे. १२ मेगापिक्सेलचे चित्र ४००० × ३००० ठिपक्यांचे असते. ६ × ४ इंचांच्या छपाईला १८०० × १२०० ठिपके पुरतात. लहान करताना चार ठिपक्यांचा फराटा दोनांपेक्षाही कमी होतो आणि डोळ्याला जाणवत नाही. आधी लहान करावे, कडा शेवटी ठळक कराव्यात.

हात हलल्याचा फराटा गणिताने उलटवणारे प्रोग्रामही आहेत. १९९० मध्ये अवकाशात गेलेल्या हबल दुर्बिणीच्या आरशात दोष निघाला, तेव्हा १९९३ च्या दुरुस्तीपर्यंत शास्त्रज्ञांनी अशाच गणिताने तिची चित्रे साफ केली. त्यांना आरशाचा दोष नेमका मोजता आला होता. आपला हात कोणत्या वाटेने हलला, हे आपल्याला ठाऊक नसते. म्हणून इथे यश थोडेच मिळते.

अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी ॲप्स एका क्षणात चेहरा लख्ख करून देतात. त्यांबाबत माझे मत कठोर आहे. ते डोळे, ते ओठ त्या व्यक्तीचे नसतात. हजारो अन्य चेहऱ्यांवरून बांधलेला तो अंदाज असतो. बौद्ध परंपरेत जे जसे आहे तसे पाहण्याला यथाभूत दर्शन म्हणतात. अस्पष्ट पण खरे छायाचित्र पुरावा ठरते, कल्पिलेला चेहरा ठरत नाही. कोणाला आईचा असा चेहरा भिंतीवर लावावासा वाटला, तर मी अडवणार नाही. शाळेच्या संग्रहात मात्र मूळ चित्रच राहील आणि सुधारलेली प्रत वेगळ्या नावाने, ‘सुधारित’ अशा नोंदीसह ठेवली जाईल. मूळ फाइलवर कधीही सेव्ह करू नये; जेपीईजी चित्र दर वेळी बदलून साठवताना थोडी थोडी माहिती गमावते.

प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी १८४४ मध्ये नेमलेल्या रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने वर्षानुवर्षे खपून त्या रंगवल्या. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये एकत्र ठेवलेल्या त्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ च्या आगीत जळाल्या.

छायाचित्रे पाठवताना वर्ष, प्रसंग आणि डावीकडून उजवीकडे प्रत्येकाचे पूर्ण नाव व गाव लिहावे. शिक्षकांची आणि पाहुण्यांची नावे सगळे लिहितात. भाकरी थापणाऱ्या मावशी आणि रात्री फाटकावर बसणारे काका यांचीही लिहावीत. आलेल्या साठ्यात निरोप समारंभाचे एक छायाचित्र आहे. मागच्या रांगेत उजवीकडून तिसऱ्या उभ्या असलेल्या मावशींनी नेमकी त्याच क्षणी मान वळवली आणि चेहरा पुसला गेला. सर्व उपाय करून पाहिले, चेहरा येत नाही. पदराची हिरवी किनार आणि हातातील पितळी डाव तेवढा स्पष्ट आहे. ज्यांनी त्यांच्या हातचे जेवण जेवले असेल, त्यांनी ते छायाचित्र शाळेच्या कार्यालयात येऊन पाहावे आणि त्यांचे नाव कळवावे.