म्हसावदहून हिमालयाकडे: काय करावे, काय टाळावे

म्हसावद मागे पडते, राणीपूर ओलांडून गाडी तोरणमाळचा घाट चढू लागते आणि हवा गार होते. आपल्या भागातल्या पोरांना डोंगराची ओढ लागते ती इथे. पुढे मित्रांचे फोटो पाहून हिमालयाचा बेत ठरतो. तो जरूर ठरवावा. पण आधी उंचीचा हिशोब समजून घ्यावा.

तोरणमाळ साधारण साडेअकराशे मीटर, अस्तंबा सव्वातेराशेच्या आसपास आणि राज्यात सर्वांत उंच असलेले कळसूबाई १,६४६ मीटर. विरळ हवेचा त्रास मात्र साधारण २,५०० मीटरनंतर सुरू होतो. म्हणजे महाराष्ट्रात कुठेही चढलात तरी त्या हवेशी ओळख होत नाही. सातपुडा पाय घडवतो. उंची अंगवळणी पडायला दिवसच द्यावे लागतात.

काय करावे

- शेताकडे पाहून हंगाम निवडा. हिमालयातल्या बहुतेक वाटांना मे-जून किंवा पावसानंतरचा सप्टेंबर-ऑक्टोबर बरा. ऑक्टोबरात कापूस वेचणी सुरू झालेली असते. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना मे सोयीचा. पेरणीआधी परतता येते.

- तीन महिने आधी चालायला लागा. आठवड्यातून चार दिवस पहाटे तासभर झपाझप चाला. रविवारी पाठीवर सात-आठ किलोची सॅक घेऊन तोरणमाळच्या परिसरात चढ-उतार करा. उतरण्याचा सरावही तेवढाच महत्त्वाचा, कारण गुडघे दुखतात ते उतरताना.

- सिकलसेलची तपासणी करून घ्या. आपल्या नंदुरबार जिल्ह्यात, विशेषतः भिल्ल आणि पावरा समाजांत, हा आजार आणि त्याचे वाहक बरेच आहेत. वाहकाला एरवी काही जाणवत नाही. पण विरळ हवेत त्याच्या प्लीहेचा रक्तपुरवठा अडून पोटात डाव्या बाजूला जीवघेणी कळ येऊ शकते. सरकारी दवाखान्यात ही तपासणी होते. अहवाल डॉक्टरांना दाखवा आणि त्यांच्याशी बोलूनच उंची ठरवा. दमा, रक्तदाब, हृदयविकार असेल तरी हेच.

- रोजचा मुक्काम किती उंचीवर, ते लिहून काढा. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची दिवसाला ५०० मीटरपेक्षा जास्त वाढू नये आणि दर तीन-चार दिवसांनी त्याच उंचीवर एक जादा रात्र काढावी. ३,००० वरून ४,५०० मीटरच्या मुक्कामावर पोहोचायला म्हणून तीन नव्हे, चार दिवस धरा. ट्रेक नेणाऱ्या संस्थेचे वेळापत्रक या हिशोबात बसत नसेल, तर दुसरी संस्था शोधा.

- दोन दिवस राखून परतीचे तिकीट काढा. नंदुरबार, भुसावळ, दिल्ली आणि पुढे डोंगरातला रस्ता, एवढा प्रवास आहे. दरड कोसळली की रस्ता बंद होतो. गाडी चुकेल या धास्तीने माणूस नको त्या हवेत खिंड ओलांडायला निघतो.

- पैसे देण्याआधी विचारा. वाटाड्या स्थानिक आहे का? प्राणवायूचे सिलिंडर सोबत असते का? आजारी माणसाला खाली कसे आणतात? वनखात्याचा परवाना कोण काढतो? विमा घेताना ट्रेकची उंची आणि सुटकेचा खर्च त्यात धरला आहे का, तेही वाचून घ्या.

- बूट इथेच वापरून मऊ करा. निदान महिनाभर ते घालून चाला. थंडीसाठी एका जाड जॅकेटपेक्षा तीन थर बरे: आत घाम लवकर सुकणारा कपडा, मध्ये लोकर किंवा फ्लीस, वरून वारा-पाऊस अडवणारे जॅकेट.

काय टाळावे

- विमानातून उतरून लगेच चढू नका. लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे. तिथे पहिले दोन दिवस विश्रांतीचेच.

- डोकेदुखी लपवू नका. डोके दुखणे, मळमळ, भूक मरणे, चक्कर ही पहिली सूचना. त्रास थांबेपर्यंत वर जायचे नाही. गावाकडे उन्हातान्हात राबणारा धडधाकट गडीही यातून सुटत नाही.

- बसल्या जागी धाप लागली, सरळ रेषेत चालता येईना किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर सकाळची वाट पाहू नका. फुप्फुसात पाणी भरल्याची किंवा मेंदूला सूज आल्याची ही लक्षणे आहेत. त्याला तत्काळ खाली उतरवा, सोबत माणूस द्या.

- विरळ हवेच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी मनाने घेऊ नका. कोणी, कधी, किती घ्यायची हे डॉक्टरच ठरवतील. गोळी घेतली म्हणून वेगाने चढायची मुभा मिळत नाही.

- मोहाची असो वा बाटलीतली, दारू नको. झोपेच्या गोळ्याही नकोत. दोन्हींनी झोपेतला श्वास मंदावतो.

- सुती बनियन आणि जीन्स नकोत. घामाने भिजलेले सूत लवकर सुकत नाही आणि अंगातली ऊब खेचून घेते.

- जेवण टाळू नका. वर भूक लागत नाही. तरी थोडे थोडे खात राहा. शेंगदाणा-गुळाचे लाडू घरूनच न्या.

- हवामानाचा इशारा धुडकावू नका. जून २०२४ मध्ये उत्तराखंडातल्या सहस्रताल मार्गावर खराब हवामानात सापडून कर्नाटकातल्या नऊ ट्रेकरांचा जीव गेला. हंगाम चांगला असला तरी एखादा दिवस वाईट निघू शकतो.

- कचरा वर ठेवून येऊ नका. थंडीत तो लवकर कुजत नाही. यात्रेनंतर तोरणमाळला प्लास्टिक पाहून जीव तुटतो, तसाच तिथल्या लोकांचाही तुटतो.

- ‘एवढे पैसे घातले, आता मागे कसे फिरायचे’ असे म्हणू नका. मागे फिरणाऱ्याला पुढच्या मे महिन्यात पुन्हा जाता येते. निघण्याआधी घरी तेवढाच एक शब्द द्या: वाट अडली तर परत येईन. आणि तो पाळा.