आधी पुस्तक ठरव, मग ॲप

पुस्तकं वाचायला मोबाइलवर कुठलं ॲप टाकू, असं विचारलंस ना, त्याचं उत्तर एका नावात देता आलं असतं. पण मग तू ते टाकशील, चार दिवस वाचशील आणि कंटाळून सोडून देशील. म्हणून जरा सविस्तर लिहिते. ॲप आधी नको बघू, माय. तुला वाचायचंय काय आणि ते कुठल्या रूपात मिळतंय, ते बघ. पुढचं त्यावरून आपसूक ठरतं.

आपल्या खान्देशातलंच घे. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवायचे. ते गेले १९५० साली. आपल्याकडच्या कायद्यात लेखक गेल्यावर ६० वर्षांनी पुस्तकावरचा हक्क संपतो, म्हणून १ जानेवारी २०११ पासून त्यांचं लेखन सगळ्यांना खुलं झालं. धरणगावचे बालकवी तर १९१८ सालीच गेले. असं जुनं साहित्य मराठी विकिस्रोतावर टाइप केलेलं मिळतं, फुकट आणि राजरोस. तिथून ते ईपब फाइल म्हणून उतरवून घेता येतं. ईपबचं सुख असं, की अक्षर हवं तेवढं मोठं कर, ओळी पडद्याच्या रुंदीत पुन्हा नीट बसतात. आईलासुद्धा चष्मा कपाळावर न चढवता वाचता येईल.

पीडीएफचं तसं नाही. तो छापील पानाच्या फोटोसारखाच. राजवाड्यांचे ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड इंटरनेट अर्काइव्हवर स्कॅन करून ठेवलेले आहेत. ज्यांच्या नावाचं संशोधन मंडळ इथे आमच्या धुळ्यात आहे, तेच हे राजवाडे. मोबाइलवर तो खंड उघडून बघ. अख्खं पान दिसतं तेव्हा अक्षर मुंगीएवढं. दोन बोटांनी मोठं केलं, की ओळीचं शेवटचं टोक पडद्याबाहेर. मग प्रत्येक ओळीला पान डावीकडून उजवीकडे ओढायचं आणि पुढच्या ओळीला परत मागे आणायचं. दोन पानांत मान आखडते. कडेचा कोरा भाग कापायची किंवा पान आडवं धरायची सोय असलेलं ॲप थोडी मदत करतं, पण थोडीच. असं पुस्तक टॅबवर वाचावं, नाहीतर सरळ व. वा. वाचनालयात जाऊन कागदावर वाचावं. जळगावात राहून ते वाचनालय वापरायचं नाही, हे मला पटत नाही. बालभारतीची पाठ्यपुस्तकंही पीडीएफच असतात. एमपीएससीसाठी ती लागतीलच, तर त्यांच्याकरता खुणा करता येतील असं ॲप वेगळं ठेव.

आता खरी मेख. परदेशी ॲपांना मराठी नीट दाखवता येतंच असं नाही. नवीन ॲप टाकलंस, की त्याची तारीफ वाचण्याआधी एक मराठी ईपब उघड आणि ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘ऱ्हास’, ‘लक्ष्मी’ हे शब्द शोध. ऱ्य तुटून पाय मोडका र वेगळा पडलाय का, ‘कि’ची वेलांटी पुढच्या अक्षरावर सरकलीय का, ओळीच्या शेवटी जोडाक्षर मधूनच फुटतंय का, ते बघ. मग अक्षर दुप्पट करून वरचे रफार आणि मात्रा ओळीत कापल्या जातात का, तेही बघ. यात नापास झालेलं ॲप कितीही नावाजलेलं असो, काढून टाक. शोध घेताना शब्द सापडतच नसेल, तर मात्र दोष बहुधा फाइलचा असतो. पुष्कळ जुनी मराठी पुस्तकं युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये जुळवलेली आहेत. दिसायला ती मराठी दिसतात, पण त्यातला शब्द ॲपला ओळखता येत नाही आणि मोठ्याने वाचूनही दाखवता येत नाही.

नव्या लेखकांचं काय, तर विकत घ्यायचं. किंडलवर मराठी पुस्तकं २०१६ च्या डिसेंबरात आली, गुगल प्ले बुक्सवरही ती मिळतात, आणि आपल्या पुण्याचं बुकगंगा आहेच. हवं ते पुस्तक कुठे आहे ते तिन्हीकडे शोध. फक्त एक ध्यानात ठेव, दुकानातून घेतलेलं पुस्तक साधारणपणे त्याच दुकानाच्या ॲपमध्ये उघडतं. तिथे तू पैसे देतेस ते वाचायच्या परवानगीचे. २००९ साली ॲमेझॉनने ऑर्वेलची ‘१९८४’ लोकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतली होती, पैसे परत दिले ती गोष्ट वेगळी. जे पुस्तक जन्मभर जवळ हवं, ते कागदावर घे.

आणि ते टेलिग्रामवरचे फुकट पीडीएफचे ग्रुप सोड गं. नेमाडे आपल्या यावल तालुक्यातल्या सांगवीचे. त्यांची ‘कोसला’ वाचून भारावायचं आणि ती चोरून वाचायची, हे शोभत नाही. मराठी पुस्तक आधीच थोडं खपतं. त्यातलंही असं गेलं तर लिहिणाऱ्याने आणि छापणाऱ्याने कशाच्या जोरावर पुढचं पुस्तक काढायचं?

ॲप टाकताना ते काय काय परवानग्या मागतं, तिकडे डोळा ठेव. पुस्तक उघडायला फाइल लागते, तुझे फोन नंबर आणि तू कुठे आहेस हे नाही लागत. पुस्तकं आधीच उतरवून ठेव, म्हणजे एरंडोल-पारोळ्याच्या वाटेवर रेंज गेली तरी वाचन थांबणार नाही. मे महिन्यात पारा ४४-४५ वर गेला, की एसटीच्या खिडकीशी उन्हात मोबाइल धरू नकोस. तो तापतो आणि बॅटरी उतरते.

नाव हवंच असेल तर सांगते. तुझा मोबाइल अँड्रॉइड आहे, तर उतरवलेल्या फाइलींसाठी रीडएरा टाक. त्याला खातं उघडावं लागत नाही, जाहिराती नाहीत, ईपब आणि पीडीएफ दोन्ही उघडतं. विकतच्या पुस्तकांसाठी एकच दुकान धर, पाच नकोत. रविवारी घरी येशील तेव्हा ‘श्यामची आई’ ईपबमध्ये उतरवून आण आणि आईच्या मोबाइलवर मोठं अक्षर करून लावून दे.